सागरातील हिराकस



चुनखडीच्या जमिनीत उसाचा खोडवा पिवळा पडतो. शेतकरी युरियाचा आणखी एक हप्ता देतो आणि पीक काही हिरवे होत नाही. उणीव असते ती लोहाची. हिराकस फवारल्यावर पाने टवटवीत होतात. हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना असेल. सागरालाही हाच नियम लागू आहे.

दक्षिण महासागरात नत्र व स्फुरद विपुल आहेत. तरीही त्याच्या फार मोठ्या भागात वनस्पतिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, विरळच वाढतात. कारण तेथे लोह अत्यल्प आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ जॉन मार्टिन यांनी १९९० च्या सुमारास हा विचार आग्रहाने मांडला. त्यातून एक मोठी आशा निर्माण झाली : लोह घालावे, प्लवकांनी कार्बन डायऑक्साइड शोषावा व मेल्यावर तो घेऊन तळाशी जावे.

या आशेची एक कसोटी २००९ साली झाली. गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी ‘लोहाफेक्स’ हा प्रयोग हाती घेतला. नावातील ‘लोहा’ हा शब्द आपल्याकडचाच! पर्यावरणविषयक आक्षेपांमुळे जर्मन शासनाने तो काही दिवस रोखला होता. समुद्र कोणा एकाच्या मालकीचा नसल्याने ही सावधगिरी मला योग्य वाटते. पुढे एका भोवऱ्यातील ३०० चौरस किलोमीटर पाण्यात सहा टन विरघळलेले लोह सोडण्यात आले व ३९ दिवस त्यावर लक्ष ठेवण्यात आले.

पहिल्या दोन आठवड्यांत वनस्पतिप्लवक दुप्पट झाले. मग वाढ थांबली. डायाटम नावाच्या वनस्पतींभोवती काचेसारखे कवच असते व ते त्यांना भक्षकांपासून वाचविते. या कवचासाठी सिलिकेट लागते, आणि त्या पाण्यातील सिलिकेट पूर्वीच्या नैसर्गिक बहरांनी आधीच संपविले होते. त्यामुळे वाढल्या त्या कवचहीन, मऊ वनस्पती. त्या कोपेपॉड या इवल्या कवचधारी प्राण्यांनी फस्त केल्या. त्या कोपेपॉडांवर अँफिपॉड या त्यांच्याहून मोठ्या प्राण्यांनी ताव मारला, आणि अँफिपॉड तर माकुल व देवमाशांचे खाद्य होय. कार्बन तळाशी फारच थोडा गेला.

२००४ साली याच महासागरात, परंतु सिलिकेटने समृद्ध पाण्यात, असाच प्रयोग झाला होता. तेव्हा डायाटमांचा बहर आला आणि त्याचा निम्म्याहून अधिक भाग हजार मीटरच्याही खाली बुडाला.