सुनीताची यमके आणि झिजलेले प्रत्यय



सुनीत म्हणजे चौदा ओळींची कविता, एवढे लिहून आपण सगळ्यांनी परीक्षेत गुण मिळवले आहेत. पण इटालियन सुनीताची यमके एका तऱ्हेने जुळतात आणि इंग्रजी सुनीताची दुसऱ्या, असे का? माझ्या मते याचे उत्तर काव्यशास्त्राआधी व्याकरणात शोधावे.

इंग्रजीतला आजचा ‘स्टोन’ (दगड) हजार वर्षांपूर्वी ‘स्तान’ होता. दगडाचा म्हणायचे तर ‘स्तानेस’, दगडाला ‘स्ताने’, दगडांना ‘स्तानुम’. आपल्या विभक्तीसारखाच प्रकार! अशा प्रत्ययांनी शेवट जुळवणे सोपे, तरीही त्या काळचे इंग्रज कवी यमकाच्या वाटेला क्वचितच जात. शब्दावरचा आघात सहसा पहिल्या अक्षरावर, म्हणून कानही शब्दाच्या आरंभाकडे. ‘बेवुल्फ’ या ३१८२ ओळींच्या काव्यात प्रत्येक ओळीचे दोन तुकडे पडतात, प्रत्येकात दोन आघात, आणि आघाताच्या अक्षरांपैकी दोन-तीन एकाच ध्वनीने सुरू होतात. याला आपण अनुप्रास म्हणू. पण आपल्याकडे तो अंगावरचा दागिना, तिथे तो पाठीचा कणा.

शब्दाअखेरचे, आघात नसलेले हे प्रत्यय पुढे बोलताना गिळले जाऊ लागले. १०६६ मध्ये फ्रान्सकडून नॉर्मन इंग्लंडात आले, दरबारात फ्रेंच बसली आणि तिच्याबरोबर यमकाची प्रतिष्ठा वाढली. चौदाव्या शतकात इंग्रज कवी चॉसरच्या कवितेत शब्दाअखेरचा हलका ‘अ’ अजून ऐकू येतो. नंतर तोही गेला.

सोळाव्या शतकात वायट या इंग्रज कवीने इटालियन कवी पेत्रार्काचे सुनीत इंग्रजीत आणले. त्यातल्या पहिल्या आठ ओळींना मिळून दोनच यमके, म्हणजे एकेका ध्वनीचे चार-चार शब्द हवेत. इटालियनला हे सोपे, तिचे बहुतेक शब्द स्वरान्त. प्रत्यय झिजलेल्या इंग्रजीची मात्र ओढाताण होते. सरे या इंग्रज कवीने तोडगा काढला: चार-चार ओळींची तीन कडवी, प्रत्येकाची यमके वेगळी, शेवटी दोन ओळींची जोडी, चौदा ओळींत सात यमके. सगळे श्रेय प्रत्ययांना द्यावे असे नाही, कवीची आवडनिवड असतेच. पण १६०९ मध्ये छापल्या गेलेल्या शेक्सपिअरच्या १५४ सुनीतांपैकी जवळजवळ सगळी याच घडणीची आहेत. विचाराची चालही त्यामुळे बदलली: तीनदा मुद्दा मांडायचा आणि शेवटच्या जोडीत निकाल लावायचा. कधीकधी तो निकाल फार घाईचा वाटतो, हेही सांगून टाकतो.

उच्चार पुढेही सरकत राहिले. ‘लव्ह’ आणि ‘प्रूव्ह’ हे शेक्सपिअरचे यमक आज फक्त डोळ्यांना पटते.

यमकाच्या बाबतीत इंग्रज कवी मिल्टनची गोष्ट गमतीची. त्याने सुनीते लिहिली ती इटालियन वळणाची, काही तर चक्क इटालियन भाषेत. आणि ‘पॅरडाइज लॉस्ट’ हे १६६७ चे दहा हजारांहून अधिक ओळींचे महाकाव्य लिहिले ते निर्यमक! वाचक बुचकळ्यात पडले, तेव्हा यमक का टाकले याचा खुलासा त्याला पुढच्या प्रतींत छापावा लागला.