हरिश्चंद्राचा कारखाना

स्वबळावर चित्रपट काढू पाहणाऱ्या तरुणांनी एकदा दादासाहेब फाळके यांच्या अडचणींचा हिशेब मांडून पाहावा.

१९११ साली मुंबईत ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट पाहताना दादासाहेबांच्या मनश्चक्षूंपुढे राम-कृष्ण उभे राहिले. त्या ध्यासापोटी ते अहोरात्र चित्रपट पाहू लागले आणि पहिला आघात झाला तो डोळ्यांवरच! काही काळ दृष्टी गेली. उपचारांनी ती परत आली, तेव्हा विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२च्या फेब्रुवारीत त्यांनी लंडन गाठले. तेथे तंत्र शिकून घेतले व विल्यमसन कॅमेरा मिळवला.

यंत्र आले, पण भांडवल कोठून यावे? भाषणाने धनिक वश होत नाहीत, हे दादासाहेब जाणून होते. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि दिवसामागून दिवस त्याची चित्रे टिपली. पडद्यावर काही क्षणांत रोप वाढताना पाहून धनकोंचा विश्वास बसला. तरीही रक्कम अपुरीच पडली. सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले.

पुढे नटांचा प्रश्न उभा राहिला. चित्रपटात काम करणे तेव्हा कमीपणाचे मानले जाई. म्हणून दादासाहेब आपल्या माणसांना सांगत, ‘कुणी विचारले, तर हरिश्चंद्राच्या कारखान्यात काम करतो म्हणा.’ तारामतीसाठी स्त्री काही केल्या मिळेना. अखेर ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहातील अण्णा साळुंके यांनी ती भूमिका केली. रोहिदास झाला तो घरचाच भालचंद्र.

या सर्व खटाटोपाचा कणा होत्या सरस्वतीबाई. साऱ्या मंडळींचा स्वयंपाक उरकावा आणि रात्री अंधाऱ्या खोलीत कच्च्या फिल्मला छिद्रे पाडावीत, असा त्यांचा दिनक्रम! ही छिद्रे चुकती, तर चित्रपट पडद्यावर धड हललाही नसता. इतिहासाने मात्र या माउलीची दखल फार उशिरा घेतली.

३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला आणि गर्दी लोटली.

आज कॅमेरा खिशात मावतो. पण पैसा, माणसे आणि लोकमत हे तीन अडसर तसेच उभे आहेत. दादासाहेबांनी त्यांपैकी एकही अडसर दूर होण्याची वाट पाहिली नाही. पैसा नव्हता, तेव्हा रोप वाढवून दाखवले. नटी नव्हती, तेव्हा नटाला लुगडे नेसवले. संकल्प सोडायचा नाही आणि वाट बदलण्यात कमीपणा मानायचा नाही, एवढे या कारखान्यातून शिकता आले तरी पुष्कळ झाले.