एका पायावरचा संथ फेरा

भोवरा वेगानें फिरत असतो तोंपर्यंत ताठ उभा राहतो. वेग मंदावला कीं तो लटपटूं लागतो, हें शाळकरी मुलासहि ठाऊक असतें. पाश्चात्यांच्या बॅले नृत्यांत मात्र नर्तकीस नेमकें याच्या उलट करून दाखवावें लागतें. एका पायावर उभें राहून, दुसरा मागें उचलून धरून, सर्व शरीर तिनें इतकें सावकाश फिरवावयाचें असतें कीं कोणी पुतळाच चौथऱ्यासह फिरवीत आहे असें वाटावें. या फेऱ्यास फ्रेंच भाषेंत ‘प्रोमनाद’, म्हणजे फेरफटका, असें म्हणतात.

पुतळ्याची उपमा उगाच नव्हे. मागचा पाय गुडघ्यांत वांकवून धरण्याची ‘आतित्यूद’ नांवाची जी ठेवण आहे, तिचें मूळ कार्लो ब्लासिस या नृत्याचार्यानें जांबोलोन्याच्या मर्क्युरीच्या मूर्तींत दाखविलें आहे. ब्लासिसचा ग्रंथ १८२० सालीं मिलान येथें छापला गेला. मूर्ति फ्लॉरेन्सला आहे. पण मूर्तीला फिरावें लागत नाहीं!

जलद गिरकींत आरंभीं घेतलेला झोंक पुढचें बरेंचसें काम करून देतो. दृष्टि एका बिंदूवर रोखून मान शेवटच्या क्षणीं झटकन वळविण्याची युक्तिहि तेथें चालते. संथ फेऱ्यांत या दोन्ही सवलती नाहींत. शरीराचा भार चवड्यावर घ्यावयाचा, टाच जमिनीवरून जेमतेम सुटी करावयाची, आणि ती किंचित् सरकवावयाची; पुन्हां किंचित्, पुन्हां किंचित्. प्रेक्षकांस ही टाचेची धडपड मुळींच जाणवतां कामा नये. नवशिकी मुलगी हटकून खांदे आधीं वळविते, कंबर मागाहून येते, आणि उचललेली मांडी बिचारी मागेंच राहून खालीं झुकते. वस्तुतः पाठ, कंबर व मांडी यांनीं एका लांकडांत कोरल्याप्रमाणें एकदमच वळलें पाहिजे. म्हणून प्रथम पाव फेरा, मग अर्धा, आणि पुष्कळ दिवसांनीं पुरा, असा क्रम ठेवणें शहाणपणाचें.

दिशेचाहि प्रश्न आहे. उभ्या पायाच्या बाजूस वळतांना टाच पुढें येते, आणि जांघेपासून बाहेर वळविलेला पाय तसाच राखण्यास साहाय्य होतें. उलट दिशेस टाच मागें जाते, आणि पाय आंत वळण्याची ओढ घेतो. खरी कसोटी येथें.

रंगभूमीवर या फेऱ्याचें सर्वांत कठोर रूप चायकोव्हस्कीच्या संगीतावर मारिउस पेतिपा यानें रचलेल्या, १८९० सालीं सेंट पीटर्सबर्गला प्रथम झालेल्या ‘निद्रिस्त सुंदरी’ या बॅलेंत दिसतें. राजकन्या अरोरा हिच्या वाढदिवशीं चार राजपुत्र तिला मागणी घालण्यास येतात. त्या प्रवेशाच्या अखेरीस ती आतित्यूदमध्यें पायाच्या अग्रावर उभी राहते, आणि एकेक राजपुत्र तिचा हात धरून तिच्याभोंवतीं वर्तुळांत चालत तिला फिरवितो. येथें टाच उपयोगाची नाहीं. सारी मदार त्याच्या चालण्यावर. तो वर्तुळ सोडून जरासा आंत आला कीं तिचा तोल एकीकडे लोटला जातो, जरासा बाहेर गेला कीं दुसरीकडे ओढला जातो. आणि फेरा संपतांच तिला त्याचा हात सोडून, पुढील राजपुत्र हात देईपर्यंत, एकटें उभें राहावयाचें असतें. नृत्यशाळेंत टाचेच्या एकेका केसाएवढ्या सरकण्यानें पाठीस जी स्थिरता आलेली असते, तीच काय ती त्या क्षणीं जवळ असते.

महायुद्धाच्या काळांत नाचघर बनलेलें लंडनचें कॉव्हेंट गार्डन नाट्यगृह १९४६ च्या २० फेब्रुवारीस पुन्हां उघडलें तें याच बॅलेनें. अरोरा होती मार्गो फॉन्टेन. चारहि हात एकामागून एक तिलाहि सोडावेच लागले.