उंची, उडी आणि दहा फुटांवरील रिंग

बास्केटबॉलच्या सामन्यात प्रेक्षक ज्या क्षणी जागेवरून उठून उभे राहतात, तो क्षण बहुधा 'डंक'चा असतो. खेळाडू झेप घेतो, चेंडू रिंगच्या वर नेतो आणि वरून खाली जोराने आत घालतो. हे दृश्य आता खेड्यापाड्यांतील मुलेही मोबाइलवर पाहतात आणि शाळेच्या मैदानावर त्याचे अनुकरण करू लागतात. "सर, माझी उंची कमी आहे; मला हे कधी जमेल का?" हा त्यांचा प्रश्न असतो. त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही; त्यासाठी थोडे गणित मांडावे लागते. ते गणित आणि त्यातून आपणा सर्वांवर येणारी जबाबदारी, या दोन गोष्टी आज मला आपल्यापुढे ठेवावयाच्या आहेत.

प्रथम रिंगच्या उंचीविषयी. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या व्यायामशिक्षकाने हा खेळ निर्माण केला. हिवाळ्यात विद्यार्थ्यांना बंदिस्त व्यायामशाळेत खेळता यावे, हा त्यामागील हेतू. त्यांनी सज्जाच्या कठड्याला पीच फळांच्या दोन टोपल्या टांगल्या. तो कठडा जमिनीपासून १० फूट उंच होता, म्हणून रिंगही १० फुटांवर, म्हणजे ३.०५ मीटरवर राहिली. ही उंची शरीरशास्त्राच्या अभ्यासातून नव्हे, तर एका इमारतीच्या रचनेतून ठरलेली आहे.

आता गणिताकडे वळू. डंक करावयाचा तर केवळ रिंगला बोट लागून भागत नाही. चेंडू रिंगवरून आत जाण्यासाठी हात तिच्यावर सुमारे १५ सेंटिमीटर तरी जावा लागतो. म्हणजे बोटांची टोके ३२० सेंटिमीटरपर्यंत पोहोचावयास हवीत. जमिनीवर उभे राहून हात सरळ वर केला, की तो आपल्या उंचीच्या साधारणतः एक तृतीयांशाने अधिक वर पोहोचतो. ही झाली उभी पोच. उरलेले अंतर उडीने भरून काढावयाचे असते.

या हिशेबाने २०० सेंटिमीटर उंचीच्या खेळाडूला सुमारे ५४ सेंटिमीटर उडी पुरते. १८५ सेंटिमीटर उंचीच्या खेळाडूला ७४, तर १७० सेंटिमीटर उंचीच्या खेळाडूला सुमारे ९४ सेंटिमीटर उडी लागते. उंची १५ सेंटिमीटरने कमी झाली, की उडीची गरज २० सेंटिमीटरने वाढते. उंचीबरोबर हाताची लांबीही घटत असल्यामुळे हा फटका दुहेरी बसतो. मात्र हाताची लांबी व्यक्तीगणिक निराळी असते. म्हणून क्रीडाशिक्षकांनी मुलाची केवळ उंची न मोजता भिंतीशी उभे करून उभी पोचही मोजावी. चेंडू एका पंजात पक्का धरता येतो की नाही, यावरही बरेच अवलंबून असते.

उंची निसर्गाकडून मिळते. उडी पुष्कळ अंशी कमवावी लागते. उडी किती उंच जाईल, हे पाय जमीन सोडतानाच्या वेगावर ठरते आणि ती त्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग १० टक्क्यांनी वाढला, तर उडी २१ टक्क्यांनी वाढते. ६० सेंटिमीटर उडणारा खेळाडू एवढ्या सुधारणेने ७२ सेंटिमीटरच्या पुढे जातो. हा वेग पायांच्या बळातून, गुडघे झटकन वाकवून लगेच उसळण्यातून, हातांच्या झोक्यातून आणि धावत घेतलेल्या सुरुवातीतून येतो. शरीराचे वजन आणि पायांचे बळ यांचे प्रमाणही जमावे लागते.

मोठे खेळाडू हवेत तरंगतात, असे आपणांस वाटते. वास्तविक ६० सेंटिमीटर उडणारा खेळाडू सुमारे ०.७ सेकंद हवेत असतो आणि एक मीटर उडणाराही सेकंदभर हवेत राहत नाही. परंतु त्या वेळेपैकी निम्मा वेळ उडीच्या वरच्या पाव भागातच जातो. त्यामुळे तरंगण्याचा भास होतो.

परिश्रमाने काय साधते, याची उदाहरणे प्रसिद्ध आहेत. सुमारे १७० सेंटिमीटर, म्हणजे ५ फूट ७ इंच उंचीच्या स्पड वेब यांनी १९८६ मध्ये अमेरिकेच्या एनबीए या व्यावसायिक संघटनेची डंक स्पर्धा जिंकली. ५ फूट ९ इंच उंचीच्या नेट रॉबिन्सन यांनी ती २००६, २००९ आणि २०१० अशी तीन वेळा जिंकली. मुलींनीही हा पल्ला गाठला आहे. डिसेंबर १९८४ मध्ये अमेरिकी महाविद्यालयीन सामन्यात जॉर्जिअ‍ॅन वेल्स यांनी, तर २००२ मध्ये तेथील महिलांच्या व्यावसायिक स्पर्धेत लिसा लेस्ली यांनी डंक केला. त्याचबरोबर हेही ध्यानात घ्यावे, की अवघ्या ५ फूट ३ इंच उंचीचे मगसी बोग्स चेंडू हाताळण्याच्या आणि अचूक पास देण्याच्या बळावर एनबीएमध्ये १४ हंगाम खेळले. डंक हा खेळाचा अलंकार आहे. तो म्हणजे सारा खेळ नव्हे.

यावरून शिक्षकबंधुभगिनींना माझी पहिली विनंती अशी, की बारा-तेरा वर्षांच्या मुलांची निवड केवळ उंची पाहून करू नये. काही मुले लवकर वाढतात, काही उशिरा. आज रांगेत शेवटी उभा असलेला उंच मुलगा अठराव्या वर्षी सर्वांत उंच असेलच असे नाही आणि आज वगळलेले मूल पुढे उंच होऊ शकते. दुसरी विनंती, उडी शिकवण्यापूर्वी उतरणे शिकवावे. खाली येताना पायांवर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार पडतो. दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून, हलके उतरण्याची सवय हवी. सिमेंटच्या मैदानावर रोज शेकडो उड्या मारून घेणे गुडघ्यांना घातक आहे.

तिसरी गोष्ट ग्रामपंचायत सदस्य आणि अधिकारी यांच्यासाठी. बारा वर्षांखालील मुलांच्या मिनी बास्केटबॉलमध्ये रिंग २.६० मीटरवर असते आणि चेंडूही लहान असतो. शाळेच्या मैदानावर निदान एक रिंग या उंचीवर बसवावी. तीत चेंडू टाकणे मुलांच्या आवाक्यात येते आणि त्यांचा उत्साह टिकतो.

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. नोव्हेंबर २०२५ मध्ये हरियाणातील रोहतक जिल्ह्यात सराव करीत असताना बास्केटबॉलचा लोखंडी खांब अंगावर कोसळून एका १६ वर्षांच्या होतकरू खेळाडूचा मृत्यू झाला. त्याने रिंगकडे झेप घेतली होती. ज्याला उडी येते, तो रिंगला हात घालणारच. हे गृहीत धरूनच खांब उभारला पाहिजे. पाया पक्का आहे काय, तळाशी गंज चढला आहे काय, बोल्ट सैल झाले आहेत काय, याची पाहणी दर वर्षी पावसाळ्यानंतर व्हावी आणि तिची नोंद दप्तरी राहावी. खांब संशयास्पद आढळला, तर दुरुस्ती होईपर्यंत मैदानाचा तो भाग बंद ठेवावा. या कामी निधीची वाट पाहत बसणे परवडणारे नाही.

मित्रहो, मुलाची उंची आपल्या हाती नाही. त्याची उडी त्याच्या आणि त्याच्या शिक्षकांच्या परिश्रमावर अवलंबून आहे. परंतु तो ज्या रिंगकडे झेपावतो, ती भक्कम असणे, ही सर्वस्वी आपली जबाबदारी आहे. ती आपण पार पाडाल, असा विश्वास व्यक्त करून मी आपली रजा घेतो.