तो परदेशी पैसा गेला कुठं?

हातातलं निवडण-टिपण चालू राहू द्या, कान तेवढे इकडे द्या.

मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत सेवाशुल्काचा विषय निघाला आणि एक ताई तडकून म्हणाल्या, "आपल्या नावानं परदेशातून पैसा आला होता म्हणे. तो कुठं गेला? अन् आता आमच्याचकडून मागता?"

प्रश्न रास्त आहे. खरं सांगायचं तर आमचं मानधनही त्याच शुल्कातून निघतं, म्हणून उत्तर देताना थोडा संकोच वाटतो. पण द्यायलाच हवं.

रोमला संयुक्त राष्ट्रांची एक संस्था आहे, आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधी. आपण तिला इफाड म्हणतो. 1978 पासून ती गरीब देशांतल्या खेड्यांसाठी पैसा देते. 2007 साली माविमचा तेजस्विनी कार्यक्रम तिच्याच मदतीनं सुरू झाला. पण ती मदत म्हणजे मुख्यतः कर्ज होतं, बरं का. सरकारनं घेतलेलं, सरकारनं फेडायचं. भीक नव्हे. आणि ते घरोघरी वाटायचं नव्हतंच. गट बांधणं, हिशेब शिकवणं, बँकेची पायरी चढवणं, लोकसंचालित साधन केंद्र उभं करणं, यावर ते खर्च झालं. आज मॅनेजरसमोर खुर्ची ओढून बसतो ना आपण, त्यातही त्याचा वाटा आहे. 2018 मध्ये कार्यक्रम संपला. केंद्र आपल्या हाती राहिलं, त्याचा खर्चही.

आता जरा लांबची गोष्ट. आफ्रिकेत नायजर नावाचा देश आहे. समुद्र नाही, उत्तरेला सहाराचं वाळवंट. समुद्र तर आपल्या वाशिमलाही नाही, पण आपलं सोयाबीन बंदरावर जाताना परक्या देशाची हद्द लागत नाही. 2023 पर्यंत त्यांचा बराचसा माल शेजारच्या बेनिन देशातल्या कोतोनू बंदरातून यायचा-जायचा. ट्रकचं भाडं, नाक्यावरचा खोळंबा, सगळं किमतीवर चढतं.

त्या देशातल्या माराडी भागात 1991 साली केअर संस्थेनं नॉर्वेच्या मदतीनं बायकांचे बचत गट सुरू केले. पेटीत परदेशी पैसा एक दमडीही टाकला नाही. बायकांचीच बचत, त्यातूनच कर्ज, आणि ठरलेली मुदत संपली की व्याजासकट वाटणी. बहुतेकींना अक्षरओळख नव्हती, म्हणून हिशेब तोंडपाठ ठेवायच्या! पुढं ही पद्धत आफ्रिकेत खूप पसरली. पेटीला तीन कुलपं, किल्ल्या तीन बायकांकडे. बाहेरची मदत फक्त शिकवणाऱ्या बाईपुरती, आणि गट चालायला लागला की ती निघून जाते.

मग आपल्याकडची सहयोगिनी का जात नाही? कारण आपण बँकेचं कर्ज घेतो. मोठी रक्कम मिळते, पण वह्या चोख लागतात, प्रतवारी लागते, दर वर्षी कागद लागतात. त्यांच्या पद्धतीत कागद कमी आणि कर्जही लहान. दोन्ही एकदम कसं मिळेल?

तरी त्या ताईंचं एक म्हणणं आम्हाला पटलं. त्यांच्या गटात एक विधवा बाई आहे, शेतमजुरी करते. वावर नाही, कर्ज ती घेतच नाही. आणि वर्षभर वापरायला पन्नास हजार घेणारीइतकंच शुल्क तिनं का द्यावं? हे आमच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्या दिवशी दोन तास वाद झाला, चहा गार झाला. शेवटी ठरलं की दरडोई घ्यायचं नाही, गटाला मिळालेल्या व्याजातून भरायचं. जी जास्त कर्ज वापरते, तिच्या व्याजातून जास्त जाईल.

बाकीच्या गटांत अजून दरडोईच चालू आहे. पुढच्या बैठकीला आम्ही वर्षभराच्या व्याजाचा आकडा काढून आणतो. तुम्ही कर्जवही तेवढी घरी विसरू नका.