डोंगराआडचे विमान

1932 सालच्या ऑक्टोबरात जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून मुंबईस आणलेले टपाल पुढे बल्लारीमार्गे मद्रासला पोहोचविणाऱ्या नेव्हिल व्हिन्सेंट यांच्या चिमुकल्या पुस मॉथ विमानात रेडिओसुद्धा नव्हता. दख्खनचे रखरखीत पठार आणि त्यापुढचे रायलसीमेचे उघडेबोडके डोंगर त्यांनी नकाशा, होकायंत्र आणि स्वतःचे नेत्र यांच्याच भरवशावर ओलांडले. आज त्याच वाटेने लहान विमान नेणाऱ्यास रडारसेवा मागता येते. ती त्याने अवश्य मागावी, मात्र तिची हद्द ओळखून.

रडारच्या लहरी प्रायः सरळ रेषेत जातात. त्यामुळे मध्ये एकही टेकडी नसली तरी, केवळ पृथ्वीच्या वक्रतेपायी, चेन्नईसारख्या समुद्रकाठच्या रडारला 5,000 फुटांवरचे विमान सुमारे 87 सागरी मैलांपलीकडे दिसत नाही. बल्लारी तर तेथून सुमारे 230 सागरी मैलांवर आहे. वाटेत दुसऱ्या रडारचे साहाय्य मिळाले, तरी शेषाचलमच्या एखाद्या दरीत उतरलेले विमान डोंगराआड जायचे ते जातेच. विमानातील ट्रान्सपॉन्डर नियंत्रकाने दिलेला चार अंकी संकेत व आपली उंची रडारने विचारताच आपोआप कळवितो, हे खरे. पण त्याचे उत्तरही त्याच सरळ रेषेने यावयाचे असते.

शिवाय, दृश्य नियमांनी, म्हणजे बाहेर पाहत स्वतःच्या नजरेवर, उडणाऱ्या वैमानिकास नियंत्रक इतर विमानांची वर्दी देतो, म्हणून डोंगराचा बंदोबस्तही त्याच्याच अखत्यारात गेला असे समजणे घातक होय; डोंगर चुकविण्याची जबाबदारी वैमानिकाचीच राहते. उन्हाळ्यात तापलेल्या विरळ हवेत लहान एंजिन धापा टाकू लागते, आणि हवी ती उंची हव्या त्या वेळी मिळेलच असे नाही.

मग या सेवेचा खरा लाभ कोणता? माझ्या मते, शेवटचे ज्ञात स्थान, म्हणजे विमान हरवल्यास शोध जेथून सुरू करायचा ती जागा. 2 सप्टेंबर 2009 रोजी आंध्र प्रदेशचे तत्कालीन मुख्यमंत्री राजशेखर रेड्डी यांचे हेलिकॉप्टर नल्लमलाच्या अरण्यात कोसळले. मोठी शोधमोहीम होऊनही अवशेष सापडावयास दुसरा दिवस उजाडला. मुख्यमंत्र्यांच्या बाबतीत हे, तर एखाद्या शिकाऊ वैमानिकाची कथा काय!

तेव्हा या मार्गाने जाणाऱ्या तरुण वैमानिकांस माझी विनंती आहे की, डोंगर लागण्यापूर्वीच पुरेशी उंची घ्यावी, आणि रडारसंपर्क सुटल्याची इत्तला नियंत्रकाने देताच आपले स्थान, उंची व पुढील ठिकाणी पोहोचण्याची अंदाजी वेळ कळविल्याखेरीज पुढे जाऊ नये.