विहिरीत माणसं किती?

आज कोडिंग बाजूला ठेवू. मागून मोटरचा आवाज येत असेल तर सांभाळून घ्या, मी पणदऱ्यात घरी बसून रेकॉर्ड करतोय.

पुण्यात मी जे सॉफ्टवेअर लिहितो, ते बांधकामाच्या मोठ्या साइटवर वापरतात. गेटवर हजेरी, सुपरवायझरची चेकलिस्ट, परवानगीशिवाय कुणी खड्ड्यात उतरायचं नाही. निदान ॲपमध्ये तरी कुणी उतरत नाही! शनिवारी घरी आलो तर आमच्याच विहिरीचं रिंगचं काम चालू. पाच जणांची टोळी. चुलत्यांना विचारलं, "नाना, खाली किती जण आहेत?" म्हणाले, "असतील तीन-चार."

मला म्हसोबाचीवाडी आठवली. आपल्या शेजारच्या इंदापूर तालुक्यातलं गाव. १ ऑगस्ट २०२३, मंगळवार. शंभर फुटांहून खोल विहीर, रिंगचं काम चालू असताना माती ढासळली आणि चार कामगार गाडले गेले. बेलवाडीचे होते. संध्याकाळी घरी आले नाहीत म्हणून शोधाशोध झाली, विहिरीजवळ त्यांच्या गाड्या दिसल्या, तेव्हा कळलं. एनडीआरएफ आलं, पोकलेन लागले. चौघांचे मृतदेह मिळेपर्यंत जवळजवळ तीन दिवस गेले.

माझ्या डोक्यातून त्या गाड्या जात नाहीत. आमचा सर्व्हर एक मिनिट गप्प झाला तरी रात्री दोनला माझा फोन वाजतो. इथं चार माणसं गप्प झाली, आणि कळलं कधी, तर घरी वाट बघणाऱ्यांना.

माती वाचवायला वेळ देत नाही. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. ओली माती असेल तर साडेचार-पाच टन. छातीपर्यंत गाडला गेलेला माणूससुद्धा गुदमरू शकतो. अमेरिकेत पक्का खडक नसेल तर पाच फुटांच्या चरालाही आधार द्यावा लागतो, पाऊस झाला की परत तपासणी. आपल्याकडं तेव्हा लागू असलेला बांधकाम कामगारांचा १९९६ चा कायदा दहा किंवा जास्त कामगार असतील तिथं. विहिरीची टोळी चार-पाचाची. झालं, सुटली!

नानांना हे सांगितलं तर म्हणाले, "तीस वर्षं विहिरी बघतोय. तू लॅपटॉप बघ." पण गंमत अशी, की खरा धोका त्यांनाच माहीत होता. नीरा डाव्या कालव्याला आवर्तन सुटलं की पश्चिमेच्या अंगानं पाझर वाढतो आणि मुरूम सुटतो. हे माझ्या कुठल्याच चेकलिस्टमध्ये नव्हतं. फक्त ते त्यांनी टोळीला सांगितलं नव्हतं. "त्यांना कळतं की," म्हणे.

मग काठावरचा मातीचा ढीग मागं ओढला. ट्रॅक्टर लांब लावला. वर एक माणूस, त्याचं काम फक्त बघणं आणि पाटीवर खडूनं आकडा लिहिणं: खाली किती. इथं वाजलं. मुकादम म्हणाला, नुसत्या बसलेल्या माणसाची हजेरी कोण देणार? रास्त प्रश्न आहे. ठेका फुटावर, बसण्यावर नाही. नाना बराच वेळ तंबाखू मळत बसले. शेवटी म्हणाले, "मी देतो."

आता आवर्तन सुटलंय, त्यामुळं काम बंद आहे. यारीचं भाडं मात्र चालू आहे, आणि ते किती झालं हे नाना मला रोज जेवताना सांगतात.